अठ्ठावन्नावा पैलू

स्वरदाच्या साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा कोणत्या आकाराचा असावा, हे ठरवण्यासाठी आमच्या मुलुंडच्या घरात पहिली बैठक रविवारी सकाळी दहा वाजता बोलावण्यात आली. बैठकीला माझी पत्नी वसुधा आणि मी असे दोघे उपस्थित होतो. जिचा साखरपुडा होता ती आमची मुलगी झोपलेली असल्याने गणसंख्येअभावी बैठक तहकूब झाली आणि सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे त्याच जागी अर्ध्या तासाने पुन्हा भरली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. त्यामुळे पुढचे सगळे निर्णय स्वरदाशिवाय घेण्याचा पायंडा तिथेच पडला.

मी नंदकुमार पोतनीस. पाठ्यपुस्तके छापणाऱ्या एका संस्थेत एकतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचायचे आणि त्यातल्या ह्रस्व-दीर्घाच्या चुकांभोवती लाल शाईने गोल काढायचे, हे माझे काम. मजकूर खरा की खोटा ही जबाबदारी लेखकाची; माझी फक्त वेलांटीची. सभेत बोलण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि आली तेव्हा मी पाणी प्यायला उठलो. 'आम्हांला' आणि 'तुम्हांला' यांवर अनुस्वार असतो, या एका बाबतीत तेवढा मी आयुष्यभर आग्रही राहिलो. हा आग्रह वसुधाने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकला आणि त्यानंतर चाळीस वर्षे ऐकते आहे. ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, याविषयी मी साशंक आहे. पण शुद्धलेखन तरी बरे असेल.

मुलगा सिद्धेश परब, चारकोपचा. तो आणि स्वरदा मालाडच्या एकाच कार्यालयात कामाला आहेत आणि चार वर्षे एकाच डब्यात जेवत आहेत. त्याचे वडील काशीराम परब यांनी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत चाळीस वर्षे लेथ चालवली. आई प्रेमाताई. दोन्ही घरे प्रथम भेटली तेव्हा वसुधाने सरबताचा पेला खाली ठेवून जाहीर केले, "आम्ही पत्रिका वगैरे मानत नाही हं. आधीच सांगते."

"आमी पण बघणव नाय," काशीरामभाऊ म्हणाले. "पोरांका आवडला, बस झाला."

दोन्ही बाजूंना एकमेकांच्या पुरोगामीपणाचे इतके भरते आले की प्रेमाताईंनी डोळे पुसले. माझ्या मते लग्न त्या क्षणी ठरले होते. पण माझे मत कुणी विचारले नव्हते, आणि ते बरोबरच होते.

तहकूब बैठकीने मला आकारांचा तौलनिक तक्ता करायला सांगितले, कारण घरात वाचणारा मी एकटा. मी अकरा दिवस वाचले. गोल हिरा, ज्याला राउंड म्हणतात, सर्वांत जास्त चमकतो. आत शिरलेला प्रकाश तो जसाच्या तसा वर फेकतो, आणि त्या झगमगाटात आतला डाग दिसत नाही. मात्र तो घडवताना कच्च्या खड्याचा निम्म्याहून अधिक भाग घासून जातो. एमराल्ड हा लांबट, पायऱ्यापायऱ्यांचा. त्यात बघणे म्हणजे स्वच्छ विहिरीत डोकावणे, तळाशी पडलेले पानही दिसते. प्रिन्सेस चौकोनी, त्याच्या कोपऱ्यांचे टवके उडतात. मार्कीज होडीसारखा, आहे त्यापेक्षा मोठा दिसणारा. पेअर थेंबासारखा, एकीकडे गोल आणि एकीकडे टोकदार.

"डाग लपतो तो कुठला म्हणालात?" वसुधाने विचारले.

"राउंड. पण एमराल्ड जास्त प्रामाणिक आहे."

"अहो, आपल्याला चारचौघांत वावरायचं असतं. प्रामाणिक काय करायचाय बोटात घालून?"

तक्ता मान्य झाला आणि फायलीला लावण्यात आला. एवढ्यावर निभावले असते; पण तिसऱ्या मजल्यावरच्या द्रौपदीबाई जिन्यात वसुधाला म्हणाल्या, "आकार आपण नसतो ठरवायचा गं. घाटकोपरला हिऱ्यांची एक पेढी आहे, तिथे जुळवून देतात. आमच्या यज्ञेशचं तिथूनच जुळवलं. पत्रिका नाही हं! शास्त्रीय आहे. मशीन आहे त्यांच्याकडे."

मशीन आहे म्हटल्यावर आमच्या पुरोगामी घराला नाही म्हणायला जागा उरली नाही.

पेढी चार मजली होती. दारात टोकन मिळाले. आमची गाठ पडली ती गंधाली नावाच्या मुलीशी. तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'आकार सल्लागार' असे लिहिले होते आणि तिच्या आवाजात लहान मुलाला इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेचा गोडवा होता.

"हिरा निवडायचाय की जुळवायचाय?" तिने विचारले.

"फरक काय?" स्वरदाने विचारले. तिला आम्ही अर्धा दिवस रजा काढायला लावून आणले होते.

"निवडला की तुम्हाला आवडतो. जुळवला की तो तुम्हाला लाभतो."

"जुळवायचाय," वसुधा म्हणाली.

गंधालीने समजावून सांगितले. गोल हिऱ्याला सत्तावन्न पैलू असतात, म्हणून सत्तावन्न प्रश्न. मुलाचा एक फॉर्म, मुलीचा एक. यंत्र ते वाचते, प्रत्येकाचा आकार ठरवते आणि किती पैलू जुळले ते सांगते. किमान अठरा जुळावे लागतात.

"अठराच का?" मी विचारले. मी सहसा विचारत नाही, पण आकड्यांत मुद्रणदोष असू शकतो.

"लोकांना अठराची सवय आहे, काका."

मी आणखी धीर केला. "मी वाचलं होतं, पैलू अठ्ठावन्न असतात."

"अठ्ठावन्नावा अगदी खाली, टोकावर असतो. हल्ली बहुतेक हिऱ्यांना तो ठेवतच नाहीत. वरून दिसत नाही ना, म्हणून आम्ही विचारत नाही."

परबांनी त्यांचा फॉर्म आधीच भरून दिला होता. आता मुलीच्या फॉर्मची पाळी. स्वरदाने हात पुढे केला, तसा गंधालीने कागद अलगद माझ्याकडे वळवला. फॉर्म पालकांनी भरायचा असतो. उमेदवार स्वतःबद्दल खरे सांगत नाहीत, असा पेढीचा अनुभव होता. उमेदवाराने फक्त खाली सही करायची.

इथे माझ्या हातून पहिली चूक झाली. मी विचारले, "फॉर्म मराठीत आहे का?"

आजूबाजूच्या तीन काउंटरांवरचे बोलणे थांबले. गंधाली आत गेली. बऱ्याच वेळाने कुठल्यातरी खणाच्या तळातून काढलेला 'नमुना ह-७ (मराठी)' घेऊन आली आणि त्यावरची धूळ तिने ओढणीने पुसली. हा फॉर्म आजवर कुणीच मागितला नव्हता. तो दोन हप्त्यांत तयार झाला असावा. पहिल्या भाषांतरकाराने इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले होते. दुसऱ्या, अधिक कडव्या भाषांतरकाराने मूळ प्रत न बघता त्यांचे शुद्धीकरण केले होते. त्यामुळे 'राउंड' आकाराचे 'फेरी' झाले होते, 'पेअर'चे 'जोडी', आणि 'ओव्हल' हा आकार 'ओवळा' म्हणून दिला होता. 'कट' या शब्दाचे 'कारस्थान' करण्यात आले होते. प्रश्न चौथा असा होता : 'आपले कारस्थान उत्तम दर्जाचे आहे का? होय / नाही.'

काउंटरला दोरीने बांधलेल्या निळ्या पेनाने मी उत्तरे दिली. स्वरदाबद्दल प्रश्न होते आणि मी बाप आहे. सत्तावन्न ठिकाणी 'होय'वर खूण करायला मला चार मिनिटे लागली. मग मी सवयीने एकदा पुन्हा वाचून पाहिले.

तीच दुसरी चूक. 'आपण नात्यात टीकाऊ आहात का?' असा तेविसावा प्रश्न होता. 'टि'ची वेलांटी ह्रस्व हवी. माझ्या खिशात लाल पेन असते. निवृत्तीनंतरही ते काढून ठेवणे जमलेले नाही. मी त्या दीर्घ वेलांटीभोवती एक छोटा गोल काढला. एक गोल काढल्यावर बाकीच्या चुकांवर अन्याय होतो, म्हणून त्यांनाही काढले. एकूण एकशे चौदा चुका सापडल्या. सत्तावन्न प्रश्नांत फक्त अकरा प्रश्न शुद्ध होते. कागद परत देताना मला कित्येक वर्षांत झाले नव्हते इतके समाधान झाले. स्वरदाने खाली सही केली.

"बाबा, तू त्यांचा फॉर्म तपासलास?" बाहेर पडताना ती हसत म्हणाली. "कमाल आहेस यार तू!"

आठ दिवसांनी अहवाल आला. दोन्ही कुटुंबांना तो पेढीतच वाचून दाखवण्यात आला. गंधालीच्या आवाजातला गोडवा आणखी वाढला होता, त्यावरूनच मी काय ते ओळखायला हवे होते.

"सिद्धेश, राउंड. निर्दोष," तिने वाचले. प्रेमाताईंनी पदर सावरला. "स्वरदा, जोडी. म्हणजे पेअर. दोष, एकशे चौदा."

"किती?" वसुधा म्हणाली.

"एकशे चौदा. मुख्य गुणधर्म, टीकाऊ. जुळलेले पैलू, अकरा."

काशीरामभाऊंनी हळूच विचारले, "टिकाऊ म्हणजे बरा ना? टिकणारा."

"पण दीर्घ आहे," प्रेमाताई अहवालावर वाकून म्हणाल्या. त्या बालवाडीत शिकवत असत. "टी-काऊ. म्हणजे टीका करणारी. वसुधाताई, राग मानू नका हां, कागदावर आहे ते वाचते."

"आमच्या तपासनिसाने खास गोल केलाय त्यावर," गंधाली म्हणाली. "बरेच शेरे मारलेत त्याने. लाल शाई फक्त तपासनीस वापरतात ना. यंत्राला लाल खूण दिसली की ते त्या प्रश्नाचं निळं उत्तर वाचतच नाही. शेराच अंतिम."

त्या एकशे चौदा गोलांपैकी प्रत्येक गोल मला ओळखू येत होता. मी उठून उभा राहिलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पाणी प्यायला गेलो.

घरी आल्यावर वसुधाने फेरतपासणीचा अर्ज करण्याविषयी फोन लावला. उत्तर मिळाले की उमेदवाराला आयुष्यात एकदाच आकार मिळतो. पत्ता बदलता येतो, नाव बदलता येते, आकार नाही. दरम्यान ही बातमी द्रौपदीबाईंमार्फत सोसायटीत पसरली. जिन्यात भेटणारे लोक स्वरदाची चौकशी आवाज उतरवून करू लागले. दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट भाड्याने देण्याची जाहिरात फलकावर लागली, तिच्यात 'शाकाहारी व शक्यतो राउंड कुटुंबास प्राधान्य' असे होते. 'शाकाहारी'तली वेलांटी बरोबर होती. मला तेवढाही दिलासा पुरत नव्हता.

स्वरदाने या सगळ्याची सुरुवातीला थट्टा केली. मग सिद्धेशच्या घरून साखरपुड्याची तारीख पुढे ढकलण्याविषयी विचारणा झाली आणि तिची थट्टा थांबली. एका संध्याकाळी ती माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर येऊन बसली.

"बाबा, चार वर्षं त्याने माझ्या डब्यातली कारल्याची भाजी खाल्लीय. मी टीकाऊ असते तर त्याला कळलं नसतं?"

"कळलं असतं," मी म्हणालो.

"मग तू आईला सांग ना काहीतरी."

मी सांगतो म्हणालो. आत जाऊन मी अहवालाची प्रत काढली आणि तीत आणखी दोन मुद्रणदोष शोधले. मला दुसरे काही करता येत नाही.

समेटाची बैठक चारकोपला परबांच्या घरी झाली. गंधालीला तिथे पेढीच्या वतीने पाहुणी म्हणून बोलावले होते. प्रेमाताईंनी आंबोळ्या केल्या होत्या. कडू विषय निघायचा असला की त्यांच्याकडे खायला चांगले असते, असे सिद्धेश पुढे मला म्हणाला.

"उपाय आहे," गंधालीने बशी बाजूला सारून सांगितले. "दोषपरिहार. मुलीचा साखरपुडा आधी एका निर्दोष राउंड हिऱ्याशी करायचा. प्रयोगशाळेत वाढवलेला चालतो. छोटासा कार्यक्रम, घरचेच लोक. हिरा पाटावर ठेवायचा, मुलीने त्याला साखर भरवायची. तीन दिवस त्याच्याशी बांधलेली राहिली की दोष त्याच्यावर उतरतो. मग हिरा काउंटर नंबर चारवर जमा करायचा आणि मुलगी मोकळी."

"मी खड्याशी साखरपुडा करू?" स्वरदा म्हणाली.

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," वसुधा म्हणाली. "आणि यात धार्मिक काही नाही गं. असतं तर मीच नको म्हटलं असतं."

"काकू, अहो हे झाडाशी लग्न लावतात तसलंच झालं ना!" सिद्धेश म्हणाला.

"झाडाशी अंधश्रद्धेने लावतात रे. हा प्रयोगशाळेतला आहे."

काशीरामभाऊ इतका वेळ आंबोळीचा तुकडा बोटांत फिरवत होते. ते म्हणाले, "पोतनीसानू, मी लेथवर काम केलंय म्हणान सांगतंय. खयचोय तुकडो गोल करूक गेलास, की निम्मो माल भुश्यात जाता. आमच्या पोराक गोल म्हटल्यानी, ता माका काय तितक्या बरा वाटला नाय."

"अहो, गप बसा तुम्ही," प्रेमाताई म्हणाल्या. "निर्दोष म्हटलंय ना त्याला? मग मिरवू दे चार दिवस."

पाट आणला गेला. गंधालीने पिशवीतून नमुन्याचा खडा काढून त्यावर ठेवला, उंचीचा अंदाज यावा म्हणून. वसुधाने साखरेची वाटी स्वरदापुढे सरकवली. स्वरदा वसुधाकडे बघत नव्हती, सिद्धेशकडे नव्हती, खड्याकडेही नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात ओळी विसरली की ती अशीच प्रेक्षकांत मला शोधायची, आणि मी तिथूनही तिला ओळी सांगू शकत नसे.

मी उठलो. प्रेमाताईंनी माझ्या हाती पाण्याचा पेला दिला. मी तो खाली ठेवला.

"लाल शाई माझी आहे," मी म्हणालो.

कुणाला काही कळले नाही. मी सगळे सांगितले. वाक्यरचना विस्कळीत झाली, दोन वाक्ये क्रियापदाशिवायच संपली, पण सांगितले. एकशे चौदा दोष स्वरदाचे नव्हते. ते फॉर्मचे होते.

"बाबा!" स्वरदा म्हणाली. त्या हाकेत रागच होता, पण ती हाक तिने माझ्याजवळ सरकून मारली.

"म्हणजे तुमी सगळा तपासलात? मगे सायबच झालास की तुमी!" काशीरामभाऊ म्हणाले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

वसुधा एवढेच म्हणाली, "चाळीस वर्षं सांगतेय, ते पेन घरी ठेवून जात जा."

दुसऱ्या दिवशी सगळे पेढीत जमलो. तपासनिसाचे शेरे बनावट आहेत, असे मी लेखी दिले. फॉर्म लाल खुणा वगळून यंत्रात घालण्यात आला. यंत्र पाच सेकंद गुरगुरले आणि कागद बाहेर आला. गंधालीने तो वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"सत्तावन्नपैकी सत्तावन्न."

प्रेमाताईंनी वसुधाला मिठी मारली.

"थांबा," गंधाली म्हणाली. "हे फार वाईट आहे. अकरा असते तर परिहार होता. सत्तावन्नला परिहार नाही. हे सपैलू आहेत."

"म्हणजे?"

"एकाच खाणीतले. दोघांचं एकही उत्तर वेगळं नाही. जुन्या भाषेत सगोत्र म्हणतात तसं. म्हणजे जवळपास बहीणभाऊच. अशी जोडी कानात शोभते काकू, कुड्यांना. अंगठीत नाही चालत."

माझ्या मनात शंका आली. "काशीरामभाऊ, तुम्ही सिद्धेशच्या फॉर्मवर काय खुणा केल्या होत्या?"

"सगळ्यांका होय. दोन मिन्टात भरून टाकलंय. माझो झील तो. नाय कशाक लिव्हू?"

दोन बापांनी एकमेकांना न विचारता आपापल्या लेकरांना सत्तावन्न वेळा होय म्हटले होते, आणि त्या होकारांपायी लग्न मोडत होते. वसुधा आणि प्रेमाताई मिठीतून सुटून दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसल्या. "आम्ही सगोत्र वगैरे मानत नाही," वसुधा पुटपुटली, "पण हे मशीनच म्हणतंय." सिद्धेश म्हणाला, "संपलं. वाट लागली," आणि त्याने स्वरदाचा हात धरला, मग तिथल्या नव्या नात्याची आठवण होऊन की काय, प्रेमाताईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्याने तो सोडला.

तो सुटलेला हात पाहून मी जे केले ते एरवी केले नसते. मी दोन्ही फॉर्म पुढे ओढले. सत्तावन्नाव्या प्रश्नाखाली, पानाच्या अगदी तळाशी, बोटभर कोरी जागा होती. मी खिशातले लाल पेन काढले आणि दोन्हींवर लिहिले :

'५८. तुम्हाला एकमेकांशी लग्न करायचे आहे का? होय / नाही.'

पेन मी स्वरदाकडे दिले. तिने खूण केली आणि सिद्धेशकडे दिले. खूण करताना त्याने इतका जोर लावला की कागद फाटता फाटता वाचला.

"काका, हे नियमात बसत नाही," गंधाली म्हणाली. पण ती काउंटरपलीकडून कागद घ्यायला उठली होती. तिनेच ते यंत्रात घातले.

यंत्र गुरगुरले. बाहेर आलेल्या कागदावर तीन ओळी होत्या : 'तपासनिसाचा शेरा ग्राह्य. इतर पैलू दुर्लक्षित. मंजूर.'

"बघा!" वसुधा म्हणाली. "मी म्हणत नव्हते, मशीन खोटं बोलत नाही?"

साखरपुडा ठरल्या तारखेला झाला. अंगठीत स्वरदाने पेअर घेतला. का, असे विचारल्यावर म्हणाली, "मराठी फॉर्ममध्ये त्याला जोडी म्हणतात." ती ढोबळ चूक आहे, हे मला माहीत होते. मी ती सुधारली नाही. पेढीने त्या महिन्यापासून 'अठ्ठावन्नावा पैलू' ही विशेष सेवा सुरू केली असून तिच्यासाठी वेगळे टोकन घ्यावे लागते, असे द्रौपदीबाईंकडून कळले. तो प्रश्नही पालकांनीच भरायचा असतो.

पाहुणे गेल्यावर, रिकाम्या झालेल्या घरात, मी खणातून एक कागद काढला. पेढीत लिहिलेला प्रश्न मी घरी येऊन जसाच्या तसा दुसऱ्या कागदावर उतरवला होता, खाली दोन चौकटींसह. आमच्या लग्नात पत्रिका पाहिली होती, उंची पाहिली होती, माझी नोकरी कायम आहे का ते पाहिले होते. हा प्रश्न वसुधाला कुणी विचारला नव्हता, मीही नाही. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि शेजारी लाल पेन. मग भीती वाटून खिडकीबाहेर बघत राहिलो.

तिने चष्मा लावला. तिने तो प्रश्न खूप वेळ वाचला. एका ओळीला इतका वेळ लागत नाही.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"यात एक अनुस्वार राहिलाय."

आणि ती कुकर लावायला आत गेली.

कागद अजून टेबलावरच आहे, पेनही तिथेच. एकतीस वर्षे ज्यासाठी झटलो तो अनुस्वार मी नेमका इथे कसा विसरलो, याचा विचार करतो आहे; तो विचार सोपा आहे. आणि वाचकहो, तुमची नजर आत्ता तो अनुस्वार शोधायला वर गेली, हे मला इथे बसूनही कळते आहे. तो सापडेल तुम्हांला. प्रश्नाखालच्या दोन चौकटी मात्र तुम्हीही कोऱ्याच ठेवून खाली आलात.